घरी छऱ्यांची काडतुसं भरताना: एकमेकांना चालणारे भाग कसे निवडायचे

रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी खोळ घरी पुन्हा भरणं, सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. शेल्फवर जी पावडर शिल्लक असेल ती, जे प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टिकली) स्वस्त दिसतील ते, एक छऱ्यांची पिशवी आणि वॉडचं (पावडर आणि छर्रे यांच्यामधला प्लॅस्टिकचा पेला) एक पाकीट अशी खरेदी होते. मग रात्री पावडर कंपनीचा तक्ता उघडला की लक्षात येतं, आपल्याकडच्या सगळ्या वस्तू एकत्र असलेली एकसुद्धा ओळ तिथे नाही. पैसे तर खर्च झालेले असतात. अशा वेळी माणूस म्हणतो, 'हा प्रायमर नाही, पण तसाच दुसरा आहे, चालून जाईल.' ते चालून जाईल असं धरून पुढे जाऊ नका, एवढ्यासाठी हा सगळा लेख लिहितोय.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे शेतांच्या कडेच्या काटेरी झुडपांत कॉटनटेल ससे असतात, ओकच्या रानात करड्या खारी असतात आणि गेम कमिशनच्या (शिकारीचा कारभार बघणारं राज्याचं खातं) सार्वजनिक जमिनींवर लायसन्स असलेल्या कोणालाही शिकार करता येते. ऑफिसातल्या मित्रांमुळे शिकारीला जाऊ लागलेले बरेच मराठी लोक आता भेटतात. त्यांतले काही जण पुढे रीलोडिंगकडे वळतात आणि सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. खालची उदाहरणं इथलीच आहेत.

भारतात बसून हे वाचत असाल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं, जवळ ठेवणं हा शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे.

आणखी एक. या लेखात किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) पावडर घालायची याचा एकही आकडा मी देणार नाही. तो आकडा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचा, कोणाच्या लेखातून किंवा कोणाच्या वहीतून घ्यायचा नाही.

१. आधी कागदपत्रं

आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे, आणि अमेरिकन मित्राला तो माहीत नसतो, कारण त्याच्यावर ती वेळ येत नाही.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. आता बारकावा बघा: या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत फक्त भरलेलं काडतूस येत नाही. प्रायमर, पावडर आणि रिकामी खोळ हेसुद्धा त्यात मोडतात. म्हणजे बंदूक मित्राची असेल आणि तुमच्या बेसमेंटमध्ये नुसता प्रायमरचा डबा असेल, तरी नियम लागू होतो.

पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स १ जुलै ते ३० जून असं चालतं. शिकारीचा हंगाम नसतो त्या उन्हाळ्यात लायसन्स संपून जातं आणि कोणाच्या ध्यानात राहत नाही. व्हिसावर असाल तर १ जुलैला तुमच्याकडे नवीन लायसन्स असलंच पाहिजे. ग्रीनकार्ड असेल तर हा अडथळा नाही. ग्रीनकार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर खरेदीच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या. त्याची फी पुढच्या त्रासापेक्षा खूप कमी असते.

जवळ ठेवायचे कागद:

– हंटर एज्युकेशन कोर्सचं प्रमाणपत्र (पहिलं लायसन्स काढताना लागतं)
– चालू शिकार लायसन्स
– ग्रीनकार्ड, किंवा व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद)
– तुमच्या राज्याचं वेगळं ओळखपत्र असेल तर ते. इलिनॉयमध्ये एफओआयडी (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र) कार्ड लागतं
– बंदुकीचं मॅन्युअल
– ज्या तक्त्यावरून भरणार त्याची छापील प्रत, वर तारीख घालून

स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. विकायला लागतं. मित्राला 'खर्चापुरते पैसे दे' म्हणून एक डबा देणंही टाळा. त्याची बंदूक तुम्ही तपासलेली नसते.

२. बंदुकीच्या नळीवर काय लिहिलंय ते वाचा

नळीवर बोर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप) आणि चेंबरची (नळीतली काडतूस बसायची जागा) लांबी कोरलेली असते. उदाहरणार्थ बारा बोर, पावणेतीन इंच. हे दोन्ही आकडे वहीत पहिल्या पानावर लिहा, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

लांबीच्या बाबतीत एक फसवं दुखणं आहे. काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजतात. तीन इंची काडतूस मुरड घालून बंद केलेलं असताना पावणेतीन इंची चेंबरमध्ये आरामात बसतं. बंदूक बंद होते, काही अडत नाही. पण गोळी सुटताना तोंड पुढे उलगडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. त्यामुळे 'बसतंय ना' ही कसोटी इथे कामाची नाही.

आजोबांच्या काळातली जुनी दुनाळी हाती आली असेल, विशेषतः पट्टे पिळून बनवलेल्या डमास्कस नळीची, तर ती आधी बंदूकमेकॅनिककडे न्या. तोवर तिच्यासाठी काहीही भरू नका.

घरात बारा आणि वीस बोर अशा दोन्ही बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसं एकाच टेबलावर एका वेळी आणू नका. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. मागचं चेंबर रिकामं दिसतं, माणूस त्यात बारा बोरचं भरतो, आणि नळी फुटते. अमेरिकेत वीस बोरची काडतुसं पिवळी करण्याचा रिवाज याचसाठी आहे. तुम्हीही वीस बोरसाठी पिवळ्याच खोळी वापरा, दुसऱ्या रंगाच्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका.

३. आधी तक्त्यातली ओळ, मग खरेदी

छऱ्यांच्या काडतुसात पाच गोष्टी असतात: हल म्हणजे बाहेरची खोळ, बुडाशी प्रायमर, त्यावर पावडर, पावडर आणि छर्रे वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा वॉड, आणि वॉडच्या पेल्यात छर्रे. कंपनीच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ या पाचांची नावं घेऊन लिहिलेली असते. अमुक कंपनीची हल, अमुक प्रायमर, अमुक वॉड, इतके औंस शिशाचे छर्रे, इतकी ग्रेन पावडर. आणि पुढे दाब किती आला, वेग किती आला. ती ओळ प्रयोगशाळेत त्याच पाच वस्तू घेऊन झाडून बघितलेली असते. पाचांतली एक बदलली की तो दाब आणि तो वेग तुमच्या काडतुसाला लागू राहत नाही.

म्हणून काम असं करा. हॉजडन आणि अलायंट या दोन्ही कंपन्या आपले तक्ते वेबसाइटवर फुकट देतात. तुमच्याकडे ज्या हल भरपूर आहेत किंवा सहज मिळतील, तिथून सुरुवात करा. त्या हलचं नाव टाकून निघालेल्या ओळींपैकी पुढच्या तीन गोष्टी बघून दोन-तीन निवडा.

पहिली, छऱ्यांचं वजन. सशाला आणि खारीला बारा बोरमध्ये १ किंवा १ १/८ औंस, आणि वीस बोरमध्ये ७/८ औंस पुरतात. सव्वा औंसाच्या मागे लागायचं कारण नाही. खांदा दुखतो आणि ससा काही जास्त मरत नाही.

दुसरी, वेग. सेकंदाला ११५० ते १२५० फूट या पट्ट्यातली ओळ पंचवीस-तीस यार्डांच्या शिकारीला अगदी योग्य. सुरुवातीला याच्या वर जाऊ नका.

तिसरी, दाब. अमेरिकेत सामी या बंदूक-काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा बारा बोरच्या पावणेतीन आणि तीन इंची काडतुसाला ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे, वीस बोरला १२,०००. मर्यादेला टेकलेली ओळ नव्या माणसाने घेऊ नये, हे उघड आहे. पण अगदी कमी दाबाची ओळही शिकारीला घेऊ नका, हे फार जण सांगत नाहीत. छऱ्यांच्या पावडरीला नीट जळायला दाब लागतो. सप्टेंबरच्या उन्हात मातीच्या तबकड्यांवर झकास चाललेलं हलकं काडतूस डिसेंबरच्या गोठलेल्या सकाळी अर्धवट जळतं, आवाज 'फुस्स' येतो, आणि वॉड नळीतच अडकून बसू शकतो. मागून दुसरं झाडलं तर नळी गेली आणि कदाचित हातही. बारा बोरसाठी आठ ते दहा हजारांच्या दरम्यानची ओळ मला थंडीतल्या शिकारीला सर्वांत भरवशाची वाटते.

दोन-तीन ओळी निवडायच्या त्या दुकानातल्या तुटवड्यासाठी. एकीतला वॉड मिळाला नाही तर दुसरी पूर्ण ओळ हाताशी असली पाहिजे. पहिल्या ओळीत दुसऱ्या ओळीतला वॉड घालायचा नाही.

४. हल ओळखणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बाहेरून सगळ्या हल सारख्याच. लाल, हिरव्या, करड्या नळ्या आणि बुडाला पितळी टोपी. फरक आत असतो. एक छोटी टॉर्च घ्या आणि आत बघा.

काही हल आतून निमुळत्या असतात. भिंत तोंडाशी पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते, सगळं एकाच प्लॅस्टिकमधून दाबून काढलेलं. रेमिंग्टनची एसटीएस, नायट्रो आणि गन क्लब या अशा. या एकसंध हल वारंवार भरल्या तरी टिकतात, म्हणून तबकडीच्या मैदानावर त्या वाकून वाकून गोळा करणारे लोक दिसतील. विंचेस्टरची एए हलही आतून निमुळतीच. मात्र आताच्या एए हलमध्ये बुडाचा तुकडा वेगळा बसवलेला असतो, जुन्या एएसारखी ती एकसंध नाही.

दुसऱ्या प्रकारच्या हल आतून सरळ असतात. नळीची भिंत वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची आणि तळाशी वेगळा बसवलेला बुडवॉड, प्लॅस्टिकचा किंवा कागदी. फेडरल नावाच्या कंपनीची गोल्ड मेडल आणि टॉप गन, चेडाइट, फियोकी या सरळ भिंतीच्या. यांच्यात आत जागा जास्त असते.

जागेचा हा फरक म्हणजेच दाबाचा फरक. तेवढीच पावडर, तेवढेच छर्रे अरुंद जागेत गेले की दाब वेगळा. त्यामुळे 'बारा बोर, पावणेतीन इंची प्लॅस्टिक हल' एवढ्यावरून तक्ता बघता येत नाही. कंपनी आणि नाव दोन्ही जुळलं पाहिजे. बुडावर कोरलेल्या अक्षरांवरही फार भिस्त ठेवू नका, कारण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग काडतुसांच्या हल वेगळ्या असतात. छापलेलं नाव आणि आतला आकार दोन्ही बघा. नक्की ओळखता आली नाही ती हल सरळ कचऱ्यात टाका. स्वतः नवीन विकत घेऊन झाडलेल्या काडतुसांच्या हल ही सर्वांत सोपी सुरुवात: डबा जपून ठेवला की नावाचा प्रश्नच उरत नाही.

नाव जुळलं तरी प्रत्येक हल हातात घेऊन तपासायची. तोंडाशी उभ्या चिरा, भिंतीला टाचणीएवढं भोक, मुरडीच्या कोपऱ्यांवर जळून पातळ झालेलं प्लॅस्टिक, पितळी टोपीला तडा, प्रायमर सैल बसणं, यांतलं काहीही दिसलं तर ती बाद. वेगळ्या बुडवॉडची हल असेल तर टॉर्चने तळ बघा. बुडवॉड एका बाजूने उचललेला किंवा हललेला दिसला तर ती हल पुन्हा भरायची नाही. तो झाडताना सुटून नळीत राहू शकतो. मैदानावरून उचललेल्या हलमध्ये चिखल, खडे आणि कधी कधी किडेही निघतात. धुतल्या तर आतून पूर्ण कोरड्या होईपर्यंत थांबा.

तोंडावर जुन्या घड्या असतात, त्या मोजा. सहा असतील तर मशीनवर सहा घड्यांचा क्रिंप स्टार्टर (मुरडीची सुरुवात करून देणारा भाग), आठ असतील तर आठचा. सहा घड्यांच्या हलवर आठची मुरड कधीच नीट बसत नाही.

५. वॉड: हलच्या आकाराला जुळणारा

निमुळत्या हलला निमुळता वॉड आणि सरळ हलला सरळ वॉड. हे का, ते एकदा हाताने करून बघा. विंचेस्टरच्या निमुळत्या हलसाठी बनवलेला डब्ल्यूएए१२ आणि फेडरलच्या सरळ हलसाठी बनवलेला १२एस३ असे दोन्ही वॉड घ्या आणि पावडर न घालता एकेक हलमध्ये बोटाने ढकला. निमुळता वॉड सरळ हलच्या तळाशी गेला की खालची वाटी भिंतीला धड टेकत नाही. तिथून पावडरीचे कण वर निसटतात आणि झाडताना वायूही निसटतो. थंडीत हेच काडतूस 'फुस्स' करतं. उलट सरळ वॉड निमुळत्या हलमध्ये अर्ध्यातच अडतो, वाटीची कड दुमडते आणि वॉड उंच राहतो. मग छर्रे वर येतात आणि तोंड बंद होत नाही.

क्लेबस्टरसारख्या कंपन्या मूळ वॉडच्या स्वस्त नकला बनवतात आणि त्या चांगल्या असतात. पण 'अमुक वॉडला पर्याय' एवढं पाकिटावर लिहिलं असलं म्हणजे तक्ता आपोआप लागू झाला असं नाही. हॉजडनच्या तक्त्यात क्लेबस्टरच्या वॉडची नावं असलेल्या पुष्कळ ओळी आहेत, त्यांतलीच एक निवडा.

वॉडवर छऱ्यांचं वजन ठरलेलं असतं. १ १/८ औंसाच्या पेल्यात ७/८ औंस ओतले तर वर मोकळी जागा राहते आणि मुरड आत खचते. ती जागा भरायला पुठ्ठ्याची चकती किंवा तृणधान्य घालायच्या युक्त्या लोक सांगतात. तक्त्यातल्या ओळीत ती चकती लिहिली असेल तरच घाला.

६. प्रायमर: आकार एक, तिखटपणा वेगवेगळा

सगळ्यांवर २०९ लिहिलेलं असतं, आणि नव्या माणसाची इथेच फसगत होते. २०९ हा फक्त आकार आहे. विंचेस्टर २०९, सीसीआय २०९, सीसीआय २०९एम, फेडरल २०९ए, रेमिंग्टन २०९पी, फियोकी ६१६ या सगळ्यांची ज्वाला निरनिराळी. फेडरल २०९ए आणि सीसीआय २०९एम हे जहाल. बाकी चारही वस्तू त्याच ठेवून सौम्य प्रायमरच्या जागी जहाल घातला तर दाब हजारांच्या हिशोबात चढू शकतो. ओळ आधीच दहा हजारांची असेल तर तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात, आणि बाहेरून काडतूस बघून काहीही कळत नाही. उलट जहालच्या जागी सौम्य घातला तर पुन्हा थंडीतली अर्धवट जळण. म्हणून प्रायमरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. शेवटचा 'एम' किंवा 'ए' महत्त्वाचा आहे.

चेडाइट आणि फियोकीच्या प्रायमरचा व्यास अमेरिकन प्रायमरपेक्षा किंचित मोठा असतो. ते एकदा रेमिंग्टन किंवा विंचेस्टरच्या हलमध्ये दाबले की भोक रुंदावतं, पुढच्या वेळी अमेरिकन प्रायमर त्यात सैल बसतो. हलची एक थप्पी एकाच प्रायमरला वाहून टाका.

७. पावडर

हलक्या काडतुसाला वेगाने जळणारी, जड काडतुसाला सावकाश जळणारी, एवढं तत्त्व पुरे. १ औंसाच्या बारा बोरला अलायंटची रेड डॉट किंवा हॉजडनची क्लेज यांच्या ओळी भरपूर मिळतात. वीस बोरच्या शिकारी काडतुसांना अलायंटची युनिक किंवा हॉजडनची युनिव्हर्सल. नावातलं साम्य धोक्याचं आहे. क्लेज, इंटरनॅशनल आणि युनिव्हर्सल या एकाच कंपनीच्या तीन वेगळ्या पावडरी आहेत. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा, काम संपलं की पावडर मूळ डब्यातच परत ओता. रात्रभर मशीनच्या बाटलीत राहिलेल्या पावडरीचं नाव सकाळी खात्रीने सांगता येत नाही.

मेक कंपनीच्या भरण्याच्या मशीनमध्ये पावडर बुशिंगमधून (ठरलेल्या भोकाची बदलता येणारी नळी) मापाने पडते. बुशिंगसोबतचा तक्ता अंदाजाचा असतो. प्रत्यक्षात किती पडते ते बाटलीतली पातळी, हँडल किती जोरात ओढता आणि हवेतला दमटपणा यांवर हलतं. पहिली पाच-सहा मापं फेकून द्या (डब्यात परत), मग दहा मापं एकेक करून ग्रेनच्या काट्यावर तोला. प्रत्येक माप तोलायच्या आधी सगळ्या हालचाली खऱ्या भरताना करता तशाच करा, नुसता बार सरकवून तोललं तर आकडा कमी येतो. काट्याजवळ पंखा किंवा हीटरचा झोत नको.

८. छर्रे

अमेरिकन नंबरचा व्यास काढायला सोपा हिशोब आहे: १७ मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागात. सहा नंबर म्हणजे ०.११ इंच, साडेसात म्हणजे ०.०९५. सहा नंबरचे औंसाला सुमारे २२५ शिशाचे छर्रे येतात, साडेसातचे सुमारे ३५०. उंच ओकवरच्या खारीला मी सहा नंबरच वापरीन, तिची कातडी चिवट असते. झुडपातल्या जवळच्या सशाला सहा किंवा साडेसात दोन्ही चालतात. साडेसातने खाताना दाताखाली जास्त छर्रे येतात, एवढं ध्यानात ठेवा.

शिशाच्या ओळीत शिशाच्याच जागी स्टीलचे छर्रे कधीही घालायचे नाहीत. स्टील हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते, आणि कठीण, त्यामुळे दाबाखाली ते मऊ शिशासारखं सरकत नाही. त्याचे वॉड, पावडर, ओळी सगळं वेगळं. बिस्मथलाही त्याच्या स्वतःच्या ओळी लागतात. बदकं आणि हंस यांच्या शिकारीला शिसं देशभर बंद आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिसं चालत नाही. फेडरल अभयारण्यांच्या जमिनींवर सशालाही शिसं चालेलच असं नाही. तिथल्या नियमांचं पत्रक बघूनच छऱ्यांची पिशवी घ्या.

पिशवी २५ पौंडांची येते, म्हणजे ४०० औंस. ७/८ औंसाची ४५७ काडतुसं. खर्चाचा हिशोब इथून मांडा. बारा बोरची स्वस्त तयार काडतुसं घेतली तर बचत फारशी नाही. अठ्ठावीस बोर, सोळा बोर आणि चारशे दहा (०.४१० इंची नळी) यांत मात्र ती ठळक दिसते.

९. पहिली दहा काडतुसं

लागणारी हत्यारं: एक मशीन (मेक ६०० ज्युनियर किंवा लीचं लोड-ऑल, नव्या माणसाला एकेक काडतूस भरणारंच घ्यावं), ग्रेनचा काटा आणि त्याची तपासणीची वजनं, डोळ्यांना चष्मा, टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, वही. लोड-ऑल स्वस्त आहे आणि शिकायला पुरतं.

पहिल्या दिवशी दहाच भरा. प्रत्येक हलमध्ये पावडर पडल्यावर वॉड घालायच्या आधी आत डोकावा. छऱ्यांचं मापही तोलून बघा. १ औंस म्हणजे ४३७.५ ग्रेन. मशीनवर काम चालू असताना फोन, टीव्ही, गप्पा बंद. मध्येच उठावं लागलं तर अर्धवट काडतूस रिकामं करून नव्याने सुरू करा.

मग मुरड बघा. चांगली मुरड करंजीच्या मुरडीसारखी घट्ट, सपाट आणि मधोमध बंद असते. मध्ये खळगा पडला असेल तर आत भरणा कमी आहे: पावडर पडली नसेल, छर्रे कमी असतील किंवा वॉड जास्त दाबला गेला असेल. मध्ये भोक राहून घड्या फुगल्या असतील तर भरणा जास्त: वॉड चुकीचा किंवा पावडर दोनदा पडलेली. दोन्ही वेळी ते काडतूस कापून उघडा, आत काय होतं ते तोला. झाडून बघायचं नाही. पाचही वस्तू ओळीप्रमाणे असून मुरड सतत खचत किंवा फुगत असेल तर मशीनचं सेटिंग बघा. तेही ठीक असेल तर दुसरी ओळ घ्या.

शेवटी प्रत्येक काडतूस तुमच्या बंदुकीच्या चेंबरमध्ये घालून बघा. नळ्या निघत असतील तर काढलेल्या नळीतच. सहज जावं आणि सहज निघावं. अडत असेल तर बूड नीट आवळलं गेलेलं नाही.

मैदानावर एकेक करून झाडा. आवाज हलका आला, धक्का कमी लागला की तिथेच थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार बघा. त्यानंतर २५ यार्डांवर मोठा कागद लावून छऱ्यांचा पसारा तपासा. सशाएवढ्या जागेत सगळीकडे छर्रे लागलेले दिसले पाहिजेत. मोठी मोकळी भोकं दिसली तर चोक (नळीच्या तोंडाशी छऱ्यांचा पसारा आवळणारा भाग) बदलून बघा, पावडरीला हात लावू नका.

१०. लेबल, साठवण, प्रवास

प्रत्येक डब्यावर पूर्ण ओळ लिहा: हल, प्रायमर, पावडर आणि वजन, वॉड, छर्रे, तारीख. लेबल नसलेला डबा दुसऱ्या वर्षी निरुपयोगी.

घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवायला अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संहितेत मुभा आहे. तुमच्या गावाचे किंवा अपार्टमेंटचे नियम याहून कडक असू शकतात, भाड्याने राहत असाल तर करारनामा वाचा. प्रायमर त्यांच्या मूळ खणांच्या डबीतच, पावडरपासून लांब, दोन्ही कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर. सांडलेली पावडर व्हॅक्युमने ओढू नका, ब्रशने गोळा करा. शिशाला हात लागलेला असतो, त्यामुळे त्या टेबलावर चहा-खाणं नाही, आणि उठल्यावर साबणाने हात धुऊनच घरातल्या लहानांना जवळ घ्या.

पावडर आणि प्रायमर विमानात कुठल्याच सामानात नेता येत नाहीत. भारतात जाताना तर ज्या बॅगा, जाकिटं, बिनबाह्यांच्या बंड्या शिकारीला वापरता ती घरीच ठेवा. खिशाच्या कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा पुणे विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. नवीन बॅग घेणं परवडत नसेल तर जुनी उलटी करून, अस्तराच्या आतपर्यंत हात घालून झाडा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घ्या.